लाल पेन्सिलीने तपासलेलं पत्र

मी शिरूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेत होते, तेव्हा मुलांच्या पप्पांना परदेशातली नेमणूक मिळाली. ते सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करत. दोन सरकारांच्या करारातून एका लांबच्या बेटावर हत्तीपाय आणि मलेरियाच्या तपासणीसाठी माणसं हवी होती, आणि त्यांनी घरात फारसं न बोलता अर्ज करून टाकला होता. तीन वर्षांची मुदत. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, मुलगी पाच. मी बिनपगारी रजा मागितली. ती मंजूर होईपर्यंत पासपोर्टही आले, आणि दौंडच्या रेल्वे कॉलनीत सासू-सासऱ्यांच्या पाया पडून आम्ही मुंबईची गाडी धरली.

माझी आई दौंडला पोचवायला आली नाही. तिला गाडी लागायची, हे एक कारण. दुसरं कारण तिने सांगितलं नाही. कवठे येमाईला वस्तीच्या टोकाशी आमचं दोन खोल्यांचं घर. वडील मी लहान असतानाच गेलेले. आईने लोकांच्या रानात खुरपून, कांदे काढून मला डी.एड.पर्यंत शिकवलं आणि धाकट्या भावाला बारावीपर्यंत. निघायच्या दोन दिवस आधी मी तिला भेटायला गेले. ती रानातून आली होती. पदराला हात पुसत म्हणाली, "तू तिथनं कागद टाकशील. पर वाचायचा कुणी?"

भाऊ शिरूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर कामाला होता आणि शनिवारी घरी यायचा. तो वाचून दाखवेल की, असं मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली की त्याला घाई असते, तो निम्मं वाचतो आणि निम्मं आपल्या मनाने सांगतो. मी हसले. तीही हसली. मग तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या पिशवीत घातला.

बेट इतकं लहान होतं, की सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत चालत पूर्ण फेरी व्हायची. बारा खाटांचा दवाखाना, त्याच्यामागे आम्हाला दिलेलं पत्र्याचं घर, आणि मग नारळ, वाळू आणि पाणी. जमीन तळहातासारखी सपाट. नदी नाही, ओढा नाही, टेकडी नाही. गहू-ज्वारी काही मिळायचं नाही. तांदूळ बोटीने यायचा, मासे दारात यायचे. पंधरा दिवसांतून एकदा जी बोट यायची, तिच्यातूनच टपाल यायचं.

तिथे एक शाळा होती. माणसं मायाळू होती, माझी मुलं संध्याकाळी त्यांच्या मुलांबरोबर पाण्यात डुंबायची. पण शिकवणं सगळं त्यांच्या भाषेत. तीन वर्षांनी परत येऊन मुलांना शिरूरच्या शाळेत बसायचं होतं. तेव्हा मीच ठरवलं की घरी शाळा भरवायची. भावाने शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या, पेठेतून पहिलीपासून सहावीपर्यंतची सगळी पुस्तकं गोळा करून दिली होती. मुलांच्या पप्पांनी औषधांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून एक टेबल केलं, आणि बोटीच्या धक्क्यावर पडलेला एक गंजका पत्रा आणून दाराला टांगला. आठ वाजता मी तो लोखंडी सळईने वाजवायचे. मग राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, हजेरी. हजेरीच्या वहीत दोनच नावं. एक दिवस मुलगी टेबलाखाली बसून राहिली आणि तिथूनच म्हणाली की आज ती गैरहजर आहे. मी वहीत तशी नोंदही केली.

मी वर्गात बाई होते, आई नव्हते. आता वाटतं, जरा जास्तच बाई होते. एवढ्या लांब आल्यावर काही सुटून जाईल अशी भीती मला सारखी वाटायची. मुलाला तिसरीच्या भूगोलात पुणे जिल्हा होता. आम्ही ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत जिल्हा काढायचो. काठीने भीमा, काठीने घोड, शिरूरला एक शिंपला आणि दौंडला अर्धी करवंटी, कारण दौंड जंक्शन. मुलाला सगळं आठवत होतं. मुलीला नाही. तिने मला विचारलं की नदी म्हणजे काय. मी सांगितलं, वाहतं पाणी. तिने समुद्राकडे पाहिलं आणि विचारलं, मग हे काय बसून आहे का? मी बराच वेळ समजावत राहिले, शिरूरचा पूल, उन्हाळ्यात उघडं पडणारं पात्र, धुणं घेऊन जाणाऱ्या बायका. बोलता बोलता मीच पदराने डोळे पुसायला लागले. मुलीला नदी काही कळली नाही. पण आई रडते ते कळलं, आणि तिने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

दुपारी मुलं झोपली की मी पायरीवर बसायचे. कवठ्याला आत्ता काय चाललं असेल याचा हिशेब लावायचे. तिथे सकाळ असेल. आई भाकरी बांधून निघाली असेल. ज्वारीच्या भाकरीचा वास आठवायचा प्रयत्न करायचे, आणि तो येता येता राहायचा. एकदा मी तिथल्या कंदाचं पीठ करून भाकरी थापून पाहिली. तव्यावर पडताच तिचे तुकडे झाले. मुलांनी ते तुकडे गुळाबरोबर आवडीने खाल्ले. मला एक घास गेला नाही.

पहिलं वर्ष संपत आलं असताना भावाच्या पत्रात एक ओळ होती. गावात प्रौढांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला आहे, संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात भरतो, आणि आई रोज जाते. वस्तीतल्या चार बायका गेल्या होत्या, त्यातल्या तिघींनी सोडलं, पण ही पाटी घेऊन जाते. त्याने विचारलं की ह्या वयात कशाला, तर म्हणाली, मला माझ्या पोरीचा कागद माझा मी वाचायचाय.

मी ती ओळ किती वेळा वाचली असेल. त्याच महिन्यात माझी मुलगी काना आणि वेलांटी शिकत होती. म्हणजे इकडे टेबलावर नात आणि तिकडे व्हरांड्यात आजी, दोघी एकाच धड्यावर. मी मुलीला हे सांगितलं तेव्हा तिला ते अगदी साधं वाटलं. तिने विचारलं, आजीला आकार येतात का? माझा 'श' बिघडतो, तिचा पण बिघडतो का?

पावसाळा गेला आणि एका बोटीने निळं हवाईपत्र आलं. पत्ता भावाच्या हातचा होता. आत मोठ्या मोठ्या, एकमेकांना न चिकटणाऱ्या अक्षरांत आईने स्वतः लिहिलं होतं: "जय भीम. मी बरी हाय. गाय याली. पोरं काय करत्यात. तू कवा येती."

वर्गात मी शेकडो मुलांची पहिली अक्षरं पाहिली आहेत. हे पत्र वाचून मी पायरीवर बसून मोठ्याने रडले. मुलांचे पप्पा दवाखान्यातून धावत आले, त्यांना वाटलं घरी काही वाईट झालं. मी पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि ते परत गेले.

त्यानंतर दर दोन-तीन बोटींनी एक पत्र यायचं. मोजकीच वाक्यं असायची. शेळी विकली. वहिनी आली, म्हणजे भावाचं लग्न झालं. जयंतीला मोठा मंडप टाकला, मी म्होरं बसले. मी लांबलचक उत्तरं लिहायचे, सुटं सुटं, ठळक अक्षरात, जोडाक्षरं टाळून. मुलगी खाली दोन ओळी लिहायची.

दुसऱ्या वर्षी मुलगी सात वर्षांची झाली. वाचनात पक्की झाली होती. मी तिच्या वह्या लाल पेन्सिलीने तपासायचे, आणि तिला त्या लाल पेन्सिलीचा फार लोभ होता. एक दिवस मी स्वयंपाक करत असताना तिने आजीचं नुकतंच आलेलं पत्र घेतलं, टेबलावर पसरलं आणि तपासलं. "हाय" खोडून वर "आहे". "न्हाई" खोडून "नाही". "कवा" खोडून "केव्हा". खाली दहापैकी चार गुण आणि शेरा: शुद्धलेखन सुधारा.

तिने ते मला दाखवलं तेव्हा मला हसू आलं. तिच्या अक्षराचं कौतुकही वाटलं. मी विचार केला, आईला गंमत वाटेल, नात बाई झाली म्हणून चार घरी सांगेल. मी ते पत्र आमच्या उत्तराच्या पाकिटात घातलं आणि बोटीवर दिलं.

पुढच्या बोटीला पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाऊस असेल, टपाल अडलं असेल असं मी म्हणत राहिले. चौथ्या बोटीला भावाचं पत्र आलं. आईची तब्येत बरी आहे, शेवग्याला शेंगा लागल्यात, वगैरे. शेवटी लिहिलं होतं: "ताई, आईने वर्ग सोडला. पाटी तुझ्या वहिनीच्या भाचीला दिली. म्हणते, माझं लिवणं पोरीला वाचवंना, उगं कशाला तिकडं पाठवायचं."

मी पत्राची घडी केली आणि घराच्या मागे गेले. शेजारी दवाखान्यातली एक परिचारिका राहायची. ती कपडे वाळत घालत होती. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची थोडीशी. मी तिला एवढंच सांगू शकले, की माझ्या आईला मी दुखावलं. तिने हातातला ओला कपडा बादलीत टाकला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

मला तेव्हा डी.एड.चं वसतिगृह आठवत होतं. पहिल्याच आठवड्यात मी जेवणाच्या रांगेत म्हणाले होते, मला भाजी नगं. माझ्या मागच्या दोन मुलींनी ते "नगं" महिनाभर एकमेकींना म्हणून दाखवलं. त्या वाईट नव्हत्या, पुढे माझ्या मैत्रिणीही झाल्या. पण मी तेव्हापासून तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आधी तो तपासायला लागले. दिवाळीत घरी गेले तर आईशीही मी "आहे, नाही, केव्हा" असंच बोलले. तिने शेजारणीला अभिमानाने सांगितलं होतं, की पोरगी आता पुस्तकावाणी बोलती. आणि आता तिने उतारवयात, दिवसभराच्या कामानंतर व्हरांड्यात बसून जी अक्षरं मिळवली, त्यांच्यावर मी दहापैकी चार गुण जाऊ दिले होते.

संध्याकाळी मी मुलीला जवळ घेतलं. रागावायचं नव्हतं, चूक तिची नव्हतीच. मी तिला सांगितलं की आजीने जे लिहिलं ते चूक नाही. आजी तसंच बोलते, कवठ्याला सगळे तसंच बोलतात, आणि ती आपल्या घरची बोली आहे. पुस्तकातली एक भाषा, घरातली एक.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग तू तसं का नाही बोलत?"

मी तिची वेणी सोडायला घेतली. मग म्हणाले, "मी इसरले व्हते."

ती मोठ्याने हसली. मुलगा आतून पळत आला, त्याला वाटलं काही चुकलं. त्या आधी कित्येक वर्षांत माझ्या तोंडून तसं वाक्य बाहेर पडलं नव्हतं. बोलल्यावर तोंडात काही तरी ओळखीचं आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या शाळेचा शेवटचा तास कवठ्याचा. त्या तासाला मी बाई नसायचे. मी लहानपणी ऐकलेलं सगळं आठवून सांगायचे, कोण कसं हाक मारायचं, विहिरीवर काय बोलणं चालायचं, आई आम्हाला कशी ओरडायची. जवा, तवा, कवा. व्हय, न्हाई. मुलाला आपल्या शिरूरच्या मित्रांची आठवण येऊन तो माझ्यापेक्षा भरभर बोलायला लागला. मुलीला वेळ लागला, तिला ते नवं होतं. आपल्याच आजीची भाषा तिला पुस्तकातल्या धड्यासारखी शिकावी लागली. पण ती शिकली. शिकून तिने पत्र लिहिलं, मी एक अक्षरही सुचवलं नाही: "आजी, मी बरी हाय. तुझं लिवणं मला लई आवाडतं. मी चुकले. तू परत लिव्ह. मी तिकडं आल्याव तुझ्यापशी झोपनार."

त्या पत्राची वाट मी पाहिली तशी कशाचीच पाहिली नाही. जायला अडीच आठवडे, यायला तेवढेच. उत्तर आलं ते भावाच्या हातचं. आईने ते पत्र त्याच्याकडून घेतलं, अंगणात उजेडाला बसून बोट ठेवून ठेवून स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग शेजारी-पाजारी वाचून दाखवायला गेली. पण तिने स्वतः पुन्हा लिहिलं नाही. मी प्रत्येक पत्रात विनवणी करायचे. ती भावाकडून कळवायची की हात दुखतो, की कामं फार आहेत, की आता दिवस किती राहिले, तू येशीलच. तुटलेलं सगळं एका पत्राने सांधलं जात नाही, हे मला तिथे कळलं.

मुदत संपल्यावर आम्ही निघालो. धक्क्यावर निम्मं बेट आलं होतं. शेजारच्या परिचारिकेने मुलांच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या. मुलगा बोट सुटेपर्यंत धीराने उभा होता, मग रेलिंगला कपाळ टेकून रडला. तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तो हे सगळं सोडून जातो आहे. मी तीन वर्षं फक्त माझ्याच गावाची आठवण काढत होते.

मुंबईहून दौंडला उतरलो. इंजिनाची शिट्टी झाली आणि मुलीने दोन्ही कान दाबून मला मिठी मारली. सासऱ्यांची उभी नोकरी त्या यार्डात गेलेली, ते म्हणाले, रेल्वेची नात आन् गाडीला भेती? दोन दिवस तिथे राहिलो. मला धीर नव्हता, पण सासू-सासरेही तीन वर्षं थांबलेच होते. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने न्हावऱ्यावरून शिरूर, आणि शिरूरहून जीपने कवठे.

आई फाट्यावर येऊन थांबली होती. केव्हापासून, ते तिने सांगितलं नाही. केस निम्म्याहून जास्त पांढरे झाले होते. मुलगी माझ्या मागे लपली. आईही तिच्याकडे लगेच गेली नाही, लाजल्यासारखी उभी राहिली. दोघी एकमेकींना पत्रातूनच ओळखत होत्या. मग मुलगी पुढे झाली आणि पाठ केलेलं म्हणावं तसं एका दमात म्हणाली, "आजी, कवा आलीस तू हितं?"

आईने तोंडाला पदर लावला. "आत्ताच आले बग," ती म्हणाली, आणि तिला कडेवर घ्यायला वाकली. आठ वर्षांची पोर तिला उचलवेना. तशीच हात धरून घेऊन गेली.

दुपारी मी तिला म्हणाले की ते लाल पेन्सिलीचं मला मनाला लागून राहिलंय, मला माफ कर. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, तिला तेव्हा वाईट वाटलं होतं खरं, खोटं कशाला बोलू. आपल्याला येतंय असं वाटत होतं, आणि येत नव्हतं. मग ती म्हणाली की आता आपण समोरासमोर बसलोय, तर लिहिण्याचं काय घेऊन बसलीस, बोल. मी बोलले. जेवण होईपर्यंत बोलत होते, आणि तिच्यासारखंच बोलत होते. तिच्या ते लक्षात आलं. ती मध्येच खाली बघून हसत होती.

जूनमध्ये मी शिरूरच्या शाळेत पुन्हा हजर झाले. मुलांच्या प्रवेशासाठी मुख्याध्यापकांनी दोघांना वाचायला लावलं, पाढे विचारले. मुलगी न अडखळता वाचत गेली. त्यांनी विचारलं की तिकडे तुला कोण शिकवायचं. ती म्हणाली, "आई. आन् आजी."

मी मान खाली घातली. मुख्याध्यापकांनी पुस्तक मिटलं. "व्हय का," ते म्हणाले, आणि दाखल्यावर सही केली.

मुलगा पुढे कित्येक महिने संध्याकाळी पुलावर जाऊन उभा राहायचा. त्याला भरती-ओहोटीची सवय होती, घोडनदीचं पाणी एकाच बाजूला जातं याचा त्याला कंटाळा यायचा. हळूहळू ते सुटलं.

आई त्यानंतर सहा वर्षं होती. मी दर रविवारी कवठ्याला जायचे. ती गेल्यावर भावाने तिची ट्रंक माझ्यासमोर उघडली. माझी सगळी पत्रं होती, तारखेप्रमाणे नव्हे, वाचता आली तशी लावलेली, सोपी वर आणि अवघड खाली. ते तपासलेलं पत्र त्यात नव्हतं. तिने काय केलं त्याचं, भावालाही माहीत नाही.

आता माझी निवृत्ती जवळ आली आहे. शिरूरमध्ये मला सगळे बाई म्हणतात. मुलगी पुण्याला असते, फोनवर कधी कधी मुद्दाम कवठ्याचं बोलते. मला बरं वाटतं. पण रविवार आला की मी अजूनही सकाळी आवरून बसते. एस.टी.ची वेळ निघून जाते. त्या वेळेला कवठ्याच्या दारात पोचले, की आई चुलीपुढून न उठता म्हणायची, "आलीस व्हय, बस." तेवढे तीन शब्द मला कोणाकडून तरी ऐकायचे असतात.